चोपिन, बाख आणि बारशाची यादी

मनमोहन धैर्यवानाने मुलीच्या बारशाची यादी घरी न करता ऑफिसात करायचे ठरवले, आणि तिथेच सगळे बिनसले. घरी केली असती तर साधी यादी झाली असती. फार तर एखादे नाव चुकून राहिले असते आणि एखादी शेजारीण आठ दिवस तोंड फिरवून गेली असती. पण घरात शाईची दौत सापडत नव्हती, सासूबाई सहाणेवर मात्रा उगाळत बसल्या होत्या, आणि ऑफिसात कागद चांगला मिळतो हा मनमोहनचा जुना अनुभव होता. (फुकट मिळतो, असे म्हणायला हवे. पण धैर्यवानांच्या घरात तो शब्द उच्चारायची पद्धत नव्हती. आजोबांच्या नावावर गिरगावात तीन चाळी होत्या. मनमोहनच्या नावावर त्यांतल्याच एका चाळीतल्या दोन खोल्या होत्या, आणि त्याही भाड्याने.)

आजोबांनी विकलेल्या त्या चाळीला आता सबनीसांची चाळ म्हणत. मनमोहन जिन्यावरून उतरताना अजून थोडा मालकासारखा उतरे. शेजाऱ्यांशी तो वाईट वागत नसे, पण त्यांच्याकडे बघून मनातल्या मनात हसण्याचा हक्क आपल्याला वारशात मिळाला आहे, अशी त्याची समजूत होती.

नोकरी फोर्टातल्या एका परदेशी कंपनीच्या ग्रामोफोन रेकॉर्ड खात्यात होती. काम रवानगीचे. रेकॉर्डी खोक्यांत भरायच्या, खोक्यावर आत कोण आहे ते लिहायचे आणि खोके स्टेशनात पाठवायचे. अकरा वर्षांत त्याने बेथोवनला हैदराबादला पाठवले होते, हायडनला दोनदा नागपूरला, आणि मोझार्टला एकदा पत्ता चुकल्यामुळे भुसावळला. या थोर मंडळींचे संगीत मात्र त्याने चुकूनही ऐकले नव्हते. पोस्टमन काही लोकांची पत्रे फोडून वाचत बसत नाही.

त्याला गोडी होती ती त्यांच्या नावांची. ही नावे उलटीसुलटी करून त्यांतून मराठी काढायची, हा त्याचा मधल्या सुट्टीतला छंद. त्याला श्रोता एकच होता. समोरच्या टेबलावरचा गुरुदत्त. गुरुदत्त कशालाही हसे, त्यामुळे आपण फार विनोदी आहोत असा मनमोहनचा पक्का ग्रह झाला होता.

आता यादीचे महत्त्व सांगायला हवे. सबनीसांच्या चाळीत तोंडी आमंत्रण चालत नसे. पूर्वी चालायचे, पण दर कार्यानंतर "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" म्हणून रुसवेफुगवे होत. म्हणून चाळीचे सेक्रेटरी रमाकांत यांनी सरकारी थाटाची रीत घालून दिली. एका कागदावर वर कार्याचा मजकूर, खाली खोलीवार नावे. चाळीतली भांडी घासणारी रखमा तो कागद दारोदार नेई. ज्याने त्याने आपले नाव शोधायचे, ते मोठ्याने वाचून दाखवायचे आणि पुढे सही करायची. सही झाली म्हणजे आमंत्रण पोचले. यायचे की नाही, ते ज्याच्या त्याच्या मनावर. रखमाला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे ती कुणाच्या नावाला हसत नसे की कुणाला काही सांगत नसे. या कामाला तिच्याइतके लायक माणूस चाळीत नव्हते.

आणि हे बारसे साधे नव्हते. सुमतीला लग्नानंतर नऊ वर्षांनी मूल झाले होते. नऊ वर्षे ती दुसऱ्यांच्या पाळण्यांच्या दोऱ्या ओढून आली होती, दुसऱ्यांच्या घुगऱ्या पदरात घेऊन आली होती. आता तिच्या घरी पाळणा टांगला जायचा होता आणि तिला एकच हौस होती, की सगळी चाळ यावी. खोलीत उभे राहायला जागा नसली तरी चालेल, पण सगळी चाळ यावी. मनमोहनला सख्खी बहीण नव्हती, म्हणून मुलीच्या कानात नाव सांगायला सात नंबरच्या लक्ष्मीबाईंना सुमतीने आत्या मानले होते. पाळणा पाच नंबरच्या दगडूदादांकडून यायचा होता. तो चाळीचाच पाळणा होता आणि वीस वर्षे त्यांच्या माळ्यावर राहत होता.

सोमवारी मधल्या सुट्टीत मनमोहनने गुळगुळीत कागद घेतला आणि सुबक अक्षरात यादी केली. ती झाली. खरे तर तिथेच थांबायचे होते.

"कोण कोण येणार?" गुरुदत्तने डबा उघडता उघडता विचारले.

"सगळी चाळ. दोन नंबरात रमाकांत. त्याला याद्यांशिवाय काही सुचत नाही. नळाची यादी, जिना झाडायची यादी."

"म्हणजे लिस्ट!" गुरुदत्त म्हणाला आणि स्वतःच हसला.

मनमोहनने त्याच्याकडे पाहिले. अकरा वर्षे लिस्ट या संगीतकाराचे नाव खोक्यांवर लिहूनही हे आपल्याला सुचले नाही, याचे त्याला वाईट वाटले. मग तो मागे हटायला तयार होईना. त्याने दुसरा गुळगुळीत कागद ओढला.

"पाच नंबरचे दगडूदादा. गिरणीतून रिटायर झाल्यापासून जिन्याच्या तोंडाशी बाकावर बसलेले असतात. सकाळी बघ, बाकावर. संध्याकाळी बघ, बाकावर. लिहितो, बाख!"

"अरे वा!"

"सहा नंबरचे अच्युतराव. मे महिन्यातसुद्धा पायांत लोकरी मोजे."

"मोझार्ट!" दोघेही एकदमच म्हणाले आणि गुरुदत्तला भाताचा ठसका लागला.

"आठ नंबरच्या शेवंतीबाई. दूध नासलं तरी हाय हाय, पोरगा पास झाला तरी हाय हाय."

"हायडन! आणि तो तुझा जयवंत रे? दर रविवारी नवा बेत करणारा?"

"बेथोवन. नऊ नंबर. कालच म्हणत होता, चौपाटीवर बोट चालवायचा बेत आहे. आणि आता ऐक. सात नंबरच्या लक्ष्मीबाई. दिवसभर गॅलरीत उभ्या राहून पोरांना ओरडत असतात, 'खाली उतर, नाहीतर चोपीन! पायरीवर सांडू नको, चोपीन!'"

गुरुदत्तने हात जोडले. "पण त्याचा उच्चार शोपाँ का काहीसा आहे, असं साहेब म्हणतात."

"साहेब काही म्हणोत. खोक्यावर चोपिनच लिहिलेलं असतं आणि खोकी मी भरतो."

राहिला तीन नंबर. तिथे पोलीस हवालदार आनंदा राहत असे. मनमोहनने क्षणभरही विचार न करता लिहिले, वर्दी. गुरुदत्तला या नावाचा संगीतकारही आहे हेच ठाऊक नव्हते. त्यामुळे मनमोहनला आणखीच उत्साह आला आणि यादी अगदी खऱ्यासारखी दिसावी म्हणून त्याने वर मजकूरही घातला. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून आमच्या कन्येचे बारसे बुधवारी सायंकाळी पाच वाजता करण्याचे योजिले आहे. तरी खालील थोर संगीतकारांनी सहकुटुंब अगत्य यावे.' खाली खोलीनंबर, नावे आणि सहीसाठी रेघ. मग दोघेही पोट धरून हसले. मनमोहनने दोन्ही कागदांच्या सारख्याच घड्या घातल्या, एक खिशात ठेवला आणि एक खणात.

मंगळवारी सकाळी त्याने खिशातला कागद सुमतीच्या हाती दिला आणि मोठ्या समाधानाने तो ऑफिसला गेला. बारा वाजता गुरुदत्त म्हणाला, "काढ की रे तो कागद. परत एकदा हसू." मनमोहनने खण उघडला, घडी उलगडली आणि वाचले, 'खोली क्रमांक दोन, श्री. रमाकांत.' पुढेही सगळी खरीखुरी नावे होती. इतकी खरी की वाचून त्याच्या पोटात गोळा आला.

पोट दुखत असल्याचे सांगून त्याने अर्धी रजा घेतली. (यात खोटे काही नव्हते.) ट्राम पकडली, तर धोबीतलावाला मोर्चा आडवा. हजारो माणसे, झेंडे, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" आणि ट्राम जागच्या जागी. मनमोहनने नोकरीच्या भीतीने आजवर एकाही मोर्चात पाऊल टाकले नव्हते. लोक छातीवर गोळ्या झेलत असताना तो गॅलरीतून टाळ्या वाजवत असे, त्याही दोन बोटांनी. पण आता गिरगावाच्या दिशेने जे काही सरकत होते ते हा मोर्चाच. तेव्हा तो उतरला, मोर्चात घुसला आणि लवकर पुढे जाता यावे म्हणून सर्वांपेक्षा मोठ्याने ओरडत धावू लागला. "पाहिजे, पाहिजे" करत तो पहिल्या रांगेपर्यंत पोचला. एका म्हाताऱ्या कामगाराने त्याची पाठ थोपटली आणि म्हटले, "असा पायजे जोम!" मनमोहनला त्या माणसाकडे मान वर करून पाहता आले नाही.

चाळीच्या जिन्याशी रखमा भेटली. कागद तिच्याच हातात होता.

"झालं बगा साहेब. समदी दारं झाली."

"सगळी?"

"समदी. समद्यांनी सह्या केल्या."

मनमोहनने कागद घेतला. लिस्टपुढे रमाकांतची लफ्फेदार सही होती. बाखपुढे दगडूदादांनी मोडीत काहीतरी खरडले होते. चोपिनपुढे 'लक्ष्मी' असे मोठे, गोल, दाबून लिहिलेले अक्षर होते, आणि वर्दीपुढे आनंदाची सही होती. एकही रेघ रिकामी नव्हती.

"कुणी काही बोललं?" त्याने विचारले.

"वाचून दाकवायचं असतं ना, दाकवलं वाचून. हवालदार जरा येळ उभे राहिले. मग म्हनाले, पेन आन."

गॅलरीत त्या वेळी कुणी नव्हते. दुपारच्या दोन वाजता सबनीसांच्या चाळीची गॅलरी रिकामी, हे मनमोहनने जन्मात पाहिले नव्हते.

घरात सुमती मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. दारोदार मोठ्याने वाचलेले एकेक नाव गॅलरीतून तिच्या कानावर आले होते आणि अर्थ लावायला तिला काही संगीत शिकावे लागले नव्हते. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मनमोहनला बरे वाटले असते.

"दगडूदादा बाकावर का बसतात, माहीत आहे?" तिने विचारले.

"रिकामे असतात म्हणून..."

"सातव्या महिन्यात माझा पाय जिन्यावर घसरला होता. तुम्हाला सांगितलं नाही. त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाक ओढून जिन्याच्या तोंडाशी आणला. मी खाली जायला निघाले की उठायचे आणि पुढे चालायचे. पायरी ओली असली की स्वतः पुसायचे. त्याआधी तो बाक त्यांच्या दाराशी असायचा. तुमच्या लक्षात आलं नाही?"

मनमोहनच्या लक्षात आले नव्हते.

"आणि आनंदाभाऊ. चाळीतल्या लोकांना तोंड कसं दाखवायचं म्हणून तो माणूस चौकीवरच कपडे बदलून, वर्दी पिशवीत घालून घरी येतो. मोर्चावर बंदोबस्ताला उभा राहतो आणि घरी येऊन रडतो, असं त्याची बायको सांगते. मला कळा सुरू झाल्या तेव्हा हरताळ होता. टॅक्सी नाही, व्हिक्टोरिया नाही, आणि तुम्ही गॅलरीत 'आता कसं, आता कसं' करत होतात. त्या दिवशी तो घरात शिरला, वर्दी चढवून रस्त्यावर गेला, एक मोटार अडवली आणि मला दवाखान्यात नेलं. सगळ्या चाळीसमोर. त्या वर्दीत." तिने मुलीच्या डोक्यावरचे टोपडे सारखे केले. "नऊ वर्षांनी माझ्या घरात पाळणा लागतोय. आता येणार कोण? कानात नाव कोण सांगणार? तुमचे ते भुसावळचे?"

मनमोहनला एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती. तो खरोखर घामाने भिजला. अशा वेळी सरळ माणूस दारोदार जाऊन माफी मागतो. मनमोहनही त्याच हेतूने उठला, पण दोन नंबरच्या दाराशी रमाकांत दिसताच त्याच्या जिभेने वेगळाच रस्ता धरला.

"रमाकांत, ती यादी... म्हणजे त्याचं काय, ती सगळी परदेशातली फार मोठी माणसं. संगीतातले अगदी दिग्गज. मी म्हटलं, आपल्या चाळीतलं एकेक माणूस त्याच तोलाचं. एक प्रकारचा मान म्हणून..."

रमाकांतने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. "असं होय! मान!"

"हो, मानच."

"बरं झालं सांगितलंस. मी सगळ्यांना कळवतो." आणि त्याने लगेच एक कागद काढला.

मनमोहन घरी आला तो आणखी एका खोट्याचे ओझे घेऊन. रात्री त्याला जेवण गेले नाही.

बुधवारी साडेचारला पाळण्याचा हूक टांगला होता, पण पाळणा नव्हता. घुगऱ्यांचे पातेले भरलेले होते. सासूबाई दाराकडे बघत होत्या आणि सुमती दाराकडे बघत नव्हती. पाच वाजले. गॅलरीत शुकशुकाट. पाचावर पाच मिनिटे झाली. सुमतीने मुलीला उगाचच छातीशी घट्ट धरले आणि ती भिंतीकडे वळली. मनमोहन उंबऱ्यात उभा होता. या क्षणी आजोबांनी वरून चाळ विकल्याचा पश्चात्ताप न करता नातवाचा करावा, असे त्याला वाटले.

आणि मग जिन्यावर धडधड झाली.

सर्वांत पुढे दगडूदादा. डोक्यावर पाळणा, आणि मागून दोन माणसांनी उचललेला तो बाक. त्यांनी पाळणा हुकाला अडकवला, बाक धैर्यवानांच्या खोलीत मधोमध ठेवायला लावला आणि त्यावर ते बसले.

"आमंत्रण बाकाक होतां ना?" ते गंभीरपणे म्हणाले. "म्हणान घेवन इलंय."

त्यांच्यामागे अच्युतराव. एका पायात तपकिरी मोजा, दुसऱ्यात निळा, आणि दोन्ही हातांतही मोजे. तेवढ्यात शेवंतीबाई उंबऱ्यापासूनच "हाय हाय, किती गोड बाळ! हाय हाय, किती छान पाळणा!" करत आल्या. जयवंत हातात कागदाची गुंडाळी घेऊन आला आणि बारशानंतर सगळ्या चाळीने काश्मीरला जायचा बेत समजावून सांगू लागला. रमाकांत यादी घेऊन दाराशी उभा राहिला आणि येणाऱ्याला परदेशी नावाने पुकारून त्यापुढे बरोबरची खूण करू लागला. खोलीत उभे राहायला जागा उरली नाही. सुमती वळून पाहत होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

सगळ्यांत शेवटी आनंदा आला. पूर्ण वर्दीत. पट्टा, बिल्ला, टोपी, सगळे. खोलीतला गलबला थांबला. या चाळीत तो त्या वेशात स्वतःहून असा कधी आला नव्हता.

"यादीत तसं लिहिलं होतं," तो म्हणाला. "म्हटलं, चूक नको व्हायला."

"तर मंडळी," रमाकांतने घसा साफ केला, "मनमोहनरावांनी आपल्या सगळ्यांचा मोठा मान केलेला आहे. आपण ज्यांची नावं धारण केली, ती माणसं कोण, हे आता ते प्रत्येकाला सांगतील. वर्दीपासून सुरू करा."

मनमोहन उभा राहिला. सगळे त्याच्याकडे बघत होते, तेही शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारखे शांत. "वर्दी म्हणजे..." तो म्हणाला. वर्दी म्हणजे काय, हे त्याला खोक्यापलीकडे ठाऊक नव्हते. "हे फार मोठे होते. इटलीला. फारच मोठे..." त्याने आनंदाकडे पाहिले. आनंदाची नजर जमिनीवर होती आणि हात पट्ट्यावर. तो पट्टा नीट पाहताना मनमोहनला हरताळाचा दिवस आठवला, ती मोटार आठवली.

"नाही," तो म्हणाला. "मान बिन काही नाही. खोटं आहे ते. मी ऑफिसात बसून तुमची टवाळी केली. सगळ्यांची. डबा खाता खाता. आणि कागद चुकला म्हणून पकडला गेलो, नाहीतर परत तेच केलं असतं. तुम्ही आमच्यासाठी काय काय केलंत ते मला माहीतसुद्धा नव्हतं. मला... मला फार लाज वाटते."

पाळण्यातली घुंगरे तेवढी हलली.

"झालं?" लक्ष्मीबाई पुढे आल्या. "आणि त्यात कळायला आम्हाला काय परदेशात जायला हवं होतं रे? तू लिहिलंस ते मराठीच होतं. काल रात्रीच अच्युतरावांकडे बसलो होतो सगळे. ते मुक्या सिनेमांच्या वेळी पडद्याखाली फिडल वाजवायचे, ते तुला ठाऊक नाही. तुझे ते सगळे त्यांच्या ओळखीचे. म्हणाले, या पोराने निदान नावं तरी मोठ्या लोकांची दिली."

"मोझार्ट मला आवडतो," अच्युतराव हळूच म्हणाले, हातांतले मोजे काढत. "भुसावळला पाठवायला नको होता."

"तीस वर्षं मी चोपीन चोपीन म्हणते आहे," लक्ष्मीबाई म्हणाल्या, "आजवर एका पोराला बोट लावलेलं नाही. विचार कुणालाही. आज मात्र लावणार. आत्याने कानात नाव सांगितलं की बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत. पण माझी पाठ आता साठीची झाली. माझ्या वाटणीचे धपाटे बाप खाईल. वाक."

मनमोहन वाकला.

लक्ष्मीबाईंनी मुलीला पाळण्यात घातले, तिच्या कानाशी तोंड नेले आणि सांगितले, "कमल." आणि त्या क्षणाला मनमोहनच्या पाठीवर चाळ कोसळली. "हा चोपिनचा!" "हा हायडनचा, हाय हाय!" "हा बाखाच्या सुनेचा!" धुणे आपटून आपटून तयार झालेले ते हात. धपाटा बसला की पाठ ताठ होई आणि पुढच्या धपाट्याने पुन्हा वाके. मागून सुमतीचा हसण्याचा आवाज येत होता. नऊ वर्षांत त्याने तिला असे हसताना ऐकले नव्हते, म्हणून तो वाकलेलाच राहिला. एक धपाटा तर नक्की तिचाच होता.

पुरुषांनी हात लावला नाही. आनंदाला बंदोबस्तावर जायचे होते. त्याने घुगऱ्या टोपीतच घेतल्या आणि दाराशी थांबून म्हटले, "मनमोहनराव, पुढच्या वेळी नुसतं आनंदा लिहा. सही करताना बरं पडतं." मनमोहनने दोन्ही हातांनी त्याचा हात धरला.

सात वाजेपर्यंत खोली रिकामी झाली. कमल पाळण्यात झोपली होती. रखमा वाट्या गोळा करत होती. मनमोहन भिंतीला पाठ न टेकता, जरा पुढे झुकून बसला होता. अंग ठणकत होते, पण मन बरेच हलके झाले होते. इतके हलके, की त्यात पुन्हा थोडे कुतूहल शिरले.

"सुमती, एक विचारू? चाळीने मलाही काहीतरी नाव ठेवलं असेलच की. मागे मागे. मी रागावणार नाही. आता तो हक्कच नाही मला."

सुमती पाळण्याची दोरी ओढत राहिली. "मला नाही बाई माहीत."

"असं कसं? सांग ना. कितीही वाईट असू दे. ऐकून घेतो. रखमा, तू दारोदार जातेस. तुला माहीत असेल. मला काय म्हणतात?"

रखमाने हातातल्या वाट्या खाली ठेवल्या आणि मनापासून आठवून पाहिले. लक्ष्मीबाईंचे दार, शेवंतीबाईंचे दार, दगडूदादांचा बाक, सगळे मनात फिरून आली.

"नाय ओ साहेब," ती शेवटी म्हणाली. "खोटं कशाला बोलू? तुमचा विषयच निगत नाय कदी. लईच लागलं तर 'सुमतीबाईंचे ते' म्हनत्यात."

मनमोहन नकळत मागे टेकला आणि कळवळून पुन्हा पुढे झाला.

"जरा सरका," रखमा म्हणाली, "पातेलं घ्यायचंय तुमच्या मागलं."